चेकर म्हणतो ‘सगळं ठीक’, स्क्रीन रीडर वाचतो उलटं

तक्रार दर वेळी एकाच साच्याची असते. मागच्या महिन्यात सादरीकरणाची फाइल नीट करून दिलेली असते. चित्रांना ऑल्ट टेक्स्ट (चित्राऐवजी वाचून दाखवायचं वर्णन) लिहिलेला, वाचनाचा क्रम लावलेला, ॲक्सेसिबिलिटी चेकरमध्ये, म्हणजे फाइल अपंग व्यक्तींना वापरता येईल का हे तपासणाऱ्या सोयीत, एकही चूक नाही. मग त्याच फाइलवरून कुणीतरी नवी फाइल बनवतं आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या अंध सहकाऱ्याचा निरोप येतो, “पहिल्याच स्लाइडवर आधी पान क्रमांक, मग तळटीप, मग चार मुद्दे आणि शीर्षक सगळ्यात शेवटी ऐकू येतंय.” पुन्हा दुरुस्ती. महिन्याभरानं पुन्हा तोच निरोप.

हा फेरा मी इतक्यांदा मारलाय की आता फाइल उघडायच्या आधीच अंदाज येतो. सुरुवातीला प्रत्येक फाइल घेऊन एकेक स्लाइड दुरुस्त करत बसायचो. छप्पर गळतंय आणि आपण खाली बादल्या लावतोय, असा तो प्रकार होता. गळती दोन ठिकाणी असते: टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्या नमुना फाइलवरून बाकीच्या बनतात तिच्यात, आणि दिसेल तिथे टेक्स्ट बॉक्स काढायच्या सवयीत. तिथे हात घातल्यावर बराचसा त्रास थांबला. जो थांबला नाही त्याबद्दलही पुढे लिहिलंय.

खालचं सगळं पॉवरपॉइंट धरून आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइली त्यातल्याच असतात. आवृत्तीप्रमाणे मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतील.

आधी निदान

चेकर चालवायच्या आधी तीन चाचण्या करा. पहिल्या दोन मिनिटभराच्या आहेत.

टॅबची चाचणी: नेहमीच्या संपादनाच्या दृश्यात स्लाइडच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा आणि टॅब दाबत राहा. चौकट ज्या क्रमानं एका वस्तूवरून दुसरीवर जाते, साधारण त्याच क्रमानं स्क्रीन रीडर वाचतो. शीर्षकावर ती शेवटी पोचली तर बिघाड सापडला.

आउटलाइनची चाचणी: व्ह्यू टॅबमधून आउटलाइन व्ह्यू उघडा. डावीकडे फक्त प्लेसहोल्डरमधला, म्हणजे स्लाइडवर शीर्षक, मुद्दे वगैरेंसाठी आधीच आखून ठेवलेल्या चौकटींतला, मजकूर येतो, सुट्या टेक्स्ट बॉक्समधला येत नाही. स्लाइडवर ठसठशीत शीर्षक दिसतंय आणि आउटलाइनमध्ये स्लाइड क्रमांकापुढे कोरी जागा आहे, तर ते शीर्षक टेक्स्ट बॉक्समध्ये टाइप केलेलं आहे. स्क्रीन रीडरच्या लेखी त्या स्लाइडला शीर्षकच नाही.

तिसरी चाचणी कानांची. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. नाहीतर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो. मॅकवर कमांड आणि एफ५ दाबल्यावर व्हॉइसओव्हर. सुरू करा, मॉनिटर बंद करा, आणि आपलीच तीन स्लाइडं ऐका. पहिल्या वेळी आवाज बंद कसा करायचा तेच सापडत नाही आणि माणूस घाबरतो, म्हणून सांगून ठेवतो: कंट्रोल दाबलं की चालू वाक्य थांबतं. रोज वापरणाऱ्याच्या सफाईनं आपल्याला ऐकता येणार नाही, पण क्रम उलटा आहे की सुलटा एवढं नक्की कळतं.

क्रम उलटा का होतो

पॉवरपॉइंटमध्ये वाचनाचा क्रम आणि थरांचा क्रम एकच असतो. जी वस्तू सगळ्यात खाली, म्हणजे मागे, ती आधी वाचली जाते. सगळ्यात वरची शेवटी. स्लाइड दिसते कशी, डावीकडून उजवीकडे काय आहे, ॲनिमेशननं आधी काय अवतरतं, याचा वाचनाशी काही संबंध नाही.

एवढं समजलं की ‘आपोआप बिघडलं’ या तक्रारीचं कोडं सुटतं. समजा कुणी शीर्षकाखाली रंगीत पट्टी टाकली. पट्टीनं शीर्षक झाकलं, म्हणून शीर्षकावर राइट क्लिक करून ‘ब्रिंग टू फ्रंट’ केलं. दिसायला काम झालं, पण शीर्षक वाचनात सगळ्यात शेवटी गेलं. किंवा मागे फोटो हवा म्हणून फोटोला ‘सेंड टू बॅक’ केलं, तर आता तो शीर्षकाच्याही आधी वाचला जातो. सजावट करणाऱ्याला आपण वाचनाचा क्रम बदलला याची गंधवार्ताही नसते.

क्रम बघायची खिडकी म्हणजे सिलेक्शन पेन, ऑल्ट आणि एफ१० दाबून उघडते. तिथली यादी खालून वर वाचायची, म्हणजे शीर्षक यादीच्या तळाशी हवं. नव्या आवृत्त्यांत रिव्ह्यू टॅबमधल्या चेक ॲक्सेसिबिलिटीखाली रीडिंग ऑर्डर पेन मिळतो आणि त्यातली यादी वरून खाली वाचायची असते. दोन्ही एकदम उघडून कामाला बसू नका, मी ती चूक केलीय. नवा पेन असेल तर तोच वापरा. शोभेच्या वस्तूसमोरची खूण काढली की ती वस्तू सजावटीची ठरते आणि वाचनातून गळते, हा त्याचा आणखी एक फायदा.

वस्तूंना नावं द्या. ‘रेक्टँगल ४७’, ‘टेक्स्टबॉक्स १२’ अशा वीस ओळींत क्रम लावणं म्हणजे अंधारात मोळी बांधणं. आणि ज्या आकृतीत बाण, चौकटी, आकडे अशा पंधरा सुट्या वस्तू आहेत, तिचा क्रम लावत बसू नका. सगळ्यांचा गट करा आणि गटाला एकच ऑल्ट टेक्स्ट द्या.

दुरुस्ती जिथे टिकते

व्ह्यू टॅबमधून स्लाइड मास्टर उघडा. मास्टर म्हणजे फाइलमधल्या सगळ्या स्लाइडींचा मूळ साचा, आणि लेआउट म्हणजे त्याखालचे वेगवेगळ्या मांडणीचे साचे. इथे एकदा केलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक नव्या स्लाइडवर उतरते, कारण नवी स्लाइड लेआउटमधून प्लेसहोल्डर घेते आणि त्यांचा क्रमही तिथूनच येतो. माझ्याकडे आलेल्या एका टेम्प्लेटमध्ये देखणे अकरा लेआउट होते आणि त्यातल्या सहांमध्ये शीर्षकाचं प्लेसहोल्डरच नव्हतं. ज्यानं बनवलं त्यानं शीर्षकाच्या जागी मोठ्या अक्षरांचा टेक्स्ट बॉक्स ठेवायला सांगितलं होतं. त्या फाइलवरून निघालेली प्रत्येक फाइल जन्मतःच आजारी.

प्रत्येक लेआउटमध्ये शीर्षकाचं प्लेसहोल्डर आहे का बघा, नसेल तर वरच्या ‘टायटल’ खुणेनं आणा. मजकूर, चित्र, तक्ता जिथे जिथे येणार तिथे ‘इन्सर्ट प्लेसहोल्डर’नं जागा करा. मग ऑल्ट आणि एफ१०, आणि लेआउटमध्येच (यादीत खालून वर) क्रम लावा: शीर्षक, मजकूर, चित्र, शेवटी तळटीप आणि पान क्रमांक. लेआउटना कामावरून नावं द्या, ‘दोन रकाने’, ‘आलेख आणि टीप’ अशी.

माझा एक हट्ट आहे, पटला तर घ्या. कोरा लेआउट टेम्प्लेटमधून काढून टाकतो. कोरी स्लाइड हाती आली की लोक तिच्यावर टेक्स्ट बॉक्सच काढणार. कुणी कुरकुर केली तर त्याला नेमकं काय मांडायचंय ते विचारून त्यासाठी वेगळा लेआउट करून देतो. वर्षाकाठी फार तर दोन करावे लागतात.

मास्टरवर ठेवलेल्या चिन्हाला किंवा पट्टीला ऑल्ट टेक्स्टची चिंता नको. मास्टरवरच्या सुट्या वस्तू स्क्रीन रीडरला स्लाइडवर भेटत नाहीत. म्हणूनच तिथे कामाचा मजकूरही ठेवू नका. ‘हा मसुदा आहे’ अशी सूचना मास्टरवर टाकली तर ती बघणाऱ्यापुरतीच राहते.

अक्षरांच्या आकाराचा घोळही इथेच मिटवा. मायक्रोसॉफ्ट निदान १८ पॉइंट सांगतं. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं असल्यानं त्याच आकारात अक्षराचा गाभा बारीक वाटतो, म्हणून मी २४ च्या खाली जात नाही. पण २४ ठरवून भागत नाही. प्लेसहोल्डरमध्ये मजकूर जास्त झाला की ऑटोफिट गुपचूप अक्षरं लहान करतं आणि तेरा ओळींची स्लाइड १४ पॉइंटला पोचते. फॉरमॅट शेपमधल्या टेक्स्ट बॉक्सच्या पर्यायांत ‘डू नॉट ऑटोफिट’ निवडून ठेवा. मजकूर चौकटीबाहेर सांडला की लिहिणाऱ्यालाच दिसतं, आणि तो एकीच्या दोन स्लाइडी करतो.

टेम्प्लेट म्हणूनच फाइल साठवा आणि जुनी फाइल ‘सेव्ह ॲज’ करून नवी बनवायची पद्धत बंद करा. जमलं तर. जमत नाही, हेही मला ठाऊक आहे.

जुन्या स्लाइडी मात्र मास्टर सुधारल्यानं बऱ्या होत नाहीत. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर आपणहून प्लेसहोल्डरमध्ये शिरत नाही. योग्य लेआउट लावा, मजकूर कट करा, प्लेसहोल्डरमध्ये ‘कीप टेक्स्ट ओन्ली’नं पेस्ट करा, रिकामी उरलेली चौकट पुसा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच. शीर्षक दाखवायचंच नसेल, उदाहरणार्थ पूर्ण स्लाइडभर फोटो असेल, तर प्लेसहोल्डर न पुसता स्लाइडच्या कडेबाहेर सरकवा. पडद्यावर दिसत नाही आणि वाचणाऱ्याला मिळतं. तीन स्लाइडींना ‘खर्च’ हे एकच शीर्षक असेल तर यादीतून हवी ती शोधता येत नाही, तेव्हा ‘खर्च: प्रवास’, ‘खर्च: छपाई’ असं काहीतरी वेगळेपण द्या.

आणि सगळ्यात मोठं चोरदार: दुसऱ्या फाइलमधून स्लाइड आणून पेस्ट करणं. तिथे ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडलं की स्लाइडसोबत तिचा आजारी मास्टरही घरात येतो. ‘यूज डेस्टिनेशन थीम’ निवडा. फाइल संशयास्पद वाटली तर स्लाइड मास्टर उघडून डावीकडे मास्टर किती आहेत ते मोजा. एका फाइलमध्ये मला नऊ सापडले होते.

चेकरला न दिसणारं खोटं

हा भाग टेम्प्लेटनं सुटत नाही.

कंट्रोल आणि डी दाबून स्लाइडची नक्कल काढली, आलेखातले आकडे बदलले, रंग बदलले. ऑल्ट टेक्स्ट मात्र जुनाच राहिला: ‘विक्री सलग तीन महिने वाढली’. नव्या आलेखात विक्री पडलीय. चेकर ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढंच बघतो. त्यात काय लिहिलंय ते खरं का, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. डोळस माणसाला एक बातमी आणि अंध माणसाला नेमकी उलटी, आणि चेकर खूश. ऑल्ट टेक्स्ट नसता तर परवडलं असतं, निदान काहीतरी राहिलंय हे तरी कळलं असतं.

यावर मला एकच उपाय सापडलाय: नक्कल काढल्याबरोबर जुना ऑल्ट टेक्स्ट पुसायचा. मग तो रिकामा आहे म्हणून चेकर ओरडतो, आणि त्याचं ओरडणं इथे कामी येतं.

लिहिताना आलेखाचा निष्कर्ष आधी लिहा. ‘स्तंभालेख’ एवढ्यावर थांबणं म्हणजे पत्राऐवजी पाकीट वाचून दाखवणं. ‘एप्रिलनंतर तक्रारी निम्म्यावर आल्या, जूनमध्ये पुन्हा थोड्या वाढल्या’ हे उपयोगाचं. एक-दोन वाक्यं बास. सगळे आकडे हवे असतील तर ते नोट्समध्ये किंवा पुढच्या स्लाइडवर खऱ्या तक्त्यात द्या. ‘चित्रात असे दिसते की’ अशी सुरुवात नको, चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. यंत्रानं सुचवलेला ऑल्ट टेक्स्ट तसाच ठेवू नका. ‘टेबलाभोवती बसलेली माणसं’ बरोबर असेल, पण तुम्ही तो फोटो का लावलाय हे त्याला कसं कळणार?

तक्त्याचा स्क्रीनशॉट लावणं बंद करा. खरा तक्ता घाला, टेबल डिझाइनमध्ये ‘हेडर रो’ची खूण ठेवा आणि खाने जोडू नका. जोडलेल्या खान्यांत कोणता आकडा कोणत्या रकान्याचा हे ऐकणाऱ्याला उमगत नाही.

मराठी मजकूर असेल तर

क्रम बरोबर, शीर्षक बरोबर, आणि तरी स्क्रीन रीडर बरळल्यासारखा वाचतोय? मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून साधा युनिकोड फॉन्ट लावा, मंगल किंवा निर्मला. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवलं जातं. मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या. त्यात पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याला पर्याय नाही. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, घसरतात ती तिथेच.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही इंग्रजी आवाज देवनागरी गाळतोय, तर रिव्ह्यू टॅबमध्ये ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मधून मजकुराची भाषा मराठी करा. मिश्र स्लाइडवर इंग्रजी वाक्यांना इंग्रजी ठेवा. ऐकणाऱ्याच्या संगणकावर मराठी आवाज असावा लागतो, हे आलंच. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजाच्या यंत्रणेत मराठी आहे. यांत्रिक आहे, पण कळतं.

पीडीएफ केल्यावर सगळं गेलं

फाइल उत्तम होती, पीडीएफ मुकी निघाली. पहिला प्रश्न: प्रिंटमध्ये जाऊन ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं का? त्या वाटेनं शीर्षकं, ऑल्ट टेक्स्ट, क्रम यांच्या खुणा पीडीएफमध्ये पोचतच नाहीत. ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्सपोर्ट’नं पीडीएफ करा आणि पर्यायांत ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ला खूण आहे याची खात्री करा.

मग पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरीत मात्रा जागच्या हलणं, जोडाक्षरं फुटणं हे प्रकार इथे उघड होतात, आणि जे नोटपॅडमध्ये फुटतं ते कानालाही फुटकंच जातं. माझा अनुभव असा की मराठी सादरीकरणाच्या पीडीएफवर विसंबू नये. पीडीएफ द्याच, पण सोबत मूळ फाइलही द्या.

रंग

डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी रंगविरोध, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी, म्हणजे १८ पॉइंटपासून पुढे किंवा ठळक असल्यास १४ पासून, ३:१ हवा. पांढऱ्यावर शुद्ध लाल साधारण ४:१ भरतो, म्हणजे बारीक अक्षरांत नापास. पांढऱ्यावर नारिंगी २:१ च्या आसपास; त्याचा विचारच सोडा. नुसत्या रंगानं अर्थ सांगितलाय का हे बघायला व्ह्यू टॅबमध्ये ग्रेस्केल करा. आलेखातल्या रेषा एकमेकींपासून ओळखू येईनाशा झाल्या तर रेषांवरच नावं लिहा. एवढं पुरे.

फाइल निर्दोष, तरी लोकांना कळलं नाही

ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर केली की समोरच्याला मिळतं ते फक्त चलत्‌चित्र. तुम्ही रात्र जागून लिहिलेला ऑल्ट टेक्स्ट त्यात नसतो. म्हणून फाइल आदल्या दिवशी पाठवा, बैठक सुरू झाल्यावर चॅटमध्ये टाकून उपयोग नाही; स्क्रीन रीडर आणि वक्ता दोघं एकदम कानात बोलायला लागतात. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर बैठक असेल आणि तिथे ‘पॉवरपॉइंट लाइव्ह’नं फाइल उघडली तर स्क्रीन रीडरला मजकूर मिळतो, ती सोय वापरा.

बोलताना ‘हे बघा, इथे जे वाढलंय ते’ असं तोंडातून निघतंच. ‘हे’ आणि ‘इथे’ यांच्या जागी नाम घाला: ‘जूनचा आकडा मेपेक्षा वाढलाय’. रेकॉर्डिंग नंतर ऐकणाऱ्या डोळस माणसालाही तेच लागतं.

सभागृहात ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणून माइक बाजूला ठेवू नका. काही श्रवणयंत्रांना आवाज माइकच्या यंत्रणेतूनच पोचतो. श्रोत्याचा प्रश्न माइकवर पुन्हा म्हणा. दिवे मालवताना वक्त्याच्या तोंडावर आणि सांकेतिक भाषेच्या दुभाषावर उजेड राहू द्या, ओठ आणि हात अंधारात वाचता येत नाहीत. व्हिडिओ असेल तर प्लेबॅक टॅबमधल्या ‘इन्सर्ट कॅप्शन्स’नं व्हीटीटी फाइल (वेळेनुसार मांडलेल्या संवादांची मजकूर फाइल) जोडा.

थेट मथळे, म्हणजे तुम्ही बोलाल ते लगेच पडद्यावर उमटवणारी सबटायटल्स, लावणार असाल तर तुम्ही बोलणार ती भाषा यादीत आहे का ते आधी बघा आणि रंगीत तालीम त्याच माइकवर करा. मथळे स्लाइडच्या तळावर चढून शेवटचा मुद्दा आणि तळटीप झाकतात, अशी तक्रार मला सर्वात जास्त वेळा येते. स्लाइड शो टॅबमध्ये सबटायटल सेटिंग्ज उघडा आणि ‘बिलो स्लाइड’ निवडा. स्लाइड थोडी आक्रसते, झाकलेलं मोकळं होतं. ही निवड सादर करणाऱ्या संगणकावर करायची असते, त्यामुळे सभागृहातला संगणक वेगळा असेल तर दहा मिनिटं आधी पोचा.